व्यायामाने स्नायू तुटले, लघवी काळपट झाली: रॅब्डोतून सावरायचं कसं, पायरी पायरीने

दुखणं आधी थांबतं, रक्तातले आकडे त्यानंतर उतरतात आणि स्नायूंची ताकद सगळ्यात शेवटी परत येते. हा क्रम डोक्यात पक्का बसला तर रॅब्डोतून, म्हणजे अति व्यायामाने स्नायू तुटण्याच्या आजारातून, सावरताना होणारे बरेच घोळ टळतात. बहुतेक जण दुखणं थांबलं की स्वतःला बरं समजतात आणि आठवडाभरात पुन्हा वजनं उचलायला जातात. त्यांना अडवण्यासाठीच हे लिहितो आहे.

मी गोव्यात फोंड्याच्या बाजूला नवख्यांना व्यायाम शिकवतो. डॉक्टर नाही, त्यामुळे सलाईन किती, औषध कुठलं हे ठरवणं माझं काम नव्हे. पण इस्पितळात कधी जायचं, तिथे काय सांगायचं, घरी आल्यावर काय खायचं आणि जिमचं दार पुन्हा कधी उघडायचं, हे नवख्याला कुणी नीट समजावून सांगत नाही.

रॅब्डो म्हणजे रॅब्डोमायोलिसिस. झेपणार नाही इतका व्यायाम एकदम केला की स्नायूंच्या पेशींची आवरणं फाटतात आणि आतला ऐवज रक्तात उतरतो. त्यात मायोग्लोबिन नावाचं लाल प्रथिन असतं, पोटॅशियम असतं, फॉस्फरस असतो, आणि क्रिएटिन कायनेज असतं, ज्याला लॅबच्या रिपोर्टवर सीपीके किंवा सीके म्हणतात. मायोग्लोबिनमुळे मूत्रपिंडाच्या बारीक नलिकांना इजा होते. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाची लय बिघडते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत होते तेव्हा ढिगाऱ्याखाली हातपाय चेंगरलेली माणसं जिवंत बाहेर निघूनही काही दिवसांत मूत्रपिंड निकामी होऊन दगावत. बायवॉटर्स आणि बील या दोघांनी १९४१ साली त्याची नोंद केली. व्यायामाने तुटलेल्या स्नायूतून रक्तात उतरतो तो ऐवज हाच. मात्र तरुण, निरोगी माणूस वेळेत पोचला तर बहुधा पूर्ण बरा होतो, हेही तितकंच खरं.

कुणाला होतं? चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आटोपल्यावर वजन उतरवायचा निश्चय करून पहिल्याच दिवशी तासभर स्पिनिंगच्या सायकलवर बसणाऱ्याला. पोलीस किंवा अग्निशमन दलाच्या भरतीसाठी महिनाभर उरला म्हणून एकदम दोनशे बैठका मारणाऱ्याला. शाळेत शिक्षा म्हणून उठाबशा काढाव्या लागलेल्या मुलालाही. आणि एकेकाळी गावच्या संघात फुटबॉल खेळलेल्या, मधली काही वर्षं नुसत्या खुर्चीत गेलेल्या माणसाला तर हमखास, कारण त्याची जिद्द जुनीच असते आणि स्नायूंची सवय मात्र सुटलेली असते. स्नायू ताणला जात असताना जोर लावावा लागतो तेव्हा तो सर्वांत जास्त तुटतो: बैठकीत खाली जाताना, पुल-अपनंतर अंग सावकाश खाली सोडताना, डोंगर उतरताना. हे ध्यानात ठेवा, पुढे परतीच्या वाटेवर याचाच आधार घ्यायचा आहे.

पहिली पायरी: साधं अंग दुखणं की रॅब्डो?

नवीन व्यायामाने अंग आंबतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते सर्वांत जास्त जाणवतं, हालचाल केल्यावर थोडं मोकळं होतं, आणि चार-पाच दिवसांत जातं. यात घाबरण्यासारखं काही नाही.

रॅब्डोत दुखणं केलेल्या कामाच्या मानाने फारच जास्त असतं. दंड सुजून टणक होतात, कोपर सरळ होत नाही, दात घासायला हात तोंडापर्यंत जात नाही. मांड्यांना झालं असेल तर संडासातून उठताना भिंतीचा आधार लागतो. मळमळ, ताप, गळून गेल्यासारखं वाटणं सोबत असू शकतं. आणि लघवी गडद होते: कोऱ्या चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची. व्यायामानंतर एक ते तीन दिवसांत हे दिसतं.

दुखणं, अशक्तपणा आणि काळपट लघवी ही तीन लक्षणं पुस्तकात एकत्र सांगितलेली असतात, पण प्रत्यक्षात तिन्ही एकत्र फार थोड्या रुग्णांत सापडतात. मायोग्लोबिन रक्तातून काही तासांतच निघून जातं, त्यामुळे रंग एखाद-दोन वेळाच बदलून पुन्हा पिवळा होऊ शकतो. म्हणून ‘आता रंग बरा आहे’ म्हणून थांबू नका. सकाळी एकदा जरी काळपट लघवी झाली असेल आणि दंड किंवा मांड्या सुजलेल्या असतील, तर तेवढं पुरेसं आहे.

आता आपल्याकडे हमखास होणारा एक घोटाळा. गडद लघवी दिसली की घरची माणसं कावीळ समजतात. रक्त तपासलं तर एसजीओटी आणि एसजीपीटी वाढलेले येतात, म्हणजे संशय आणखी पक्का, आणि मग गावठी औषधाची चौकशी सुरू. पण ही दोन्ही विकरं यकृताप्रमाणे स्नायूंमध्येही असतात, विशेषतः एसजीओटी. स्नायू तुटल्यावर ती वाढणारच. काविळीत वाढणारं बिलिरुबिन सामान्य असेल, डोळे पिवळे नसतील आणि दोन दिवसांपूर्वी जबर व्यायाम झाला असेल, तर सीपीके केल्याशिवाय काविळीचं नाव घेऊ नका. पथ्य आणि झाडपाला यांत दोन दिवस गेले तर तेच दोन दिवस मूत्रपिंडाला महाग पडतात.

दुसरी पायरी: त्याच दिवशी इस्पितळ

उद्या बघू, असं इथे चालत नाही. बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, आहे, म्हापशाला आणि मडगावला जिल्हा इस्पितळं आहेत, फोंड्याला उपजिल्हा इस्पितळ आहे. सीपीके, क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी), पोटॅशियम आणि ईसीजी या चार गोष्टी जिथे लगेच होतील ते जवळचं इस्पितळ गाठा. छातीत धडधड, चक्कर, लघवी जवळपास बंद, किंवा माणूस गोंधळल्यासारखा बोलत असेल तर १०८ ला फोन करा, दुचाकीवर मागे बसवून नेऊ नका. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर ते आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत घ्या.

उन्हात धावताना कुणी कोसळला, अंग भट्टीसारखं तापलेलं आणि शुद्ध हरपत चाललेली, तर तो उष्माघात. तिथे क्रम बदलतो: आधी सावलीत घेऊन पाणी ओतून, बर्फ लावून, वारा घालून अंग थंड करायचं, आणि हे करता करताच १०८ बोलवायची. उष्माघातातही स्नायू तुटतात, पण तिथे पहिला धोका तापमानाचा असतो.

कॅज्युअल्टीत गर्दी असते आणि ‘अंग दुखतंय’ एवढंच सांगितलं तर वेदनाशामक देऊन घरी पाठवण्याची शक्यता असते. त्यात डॉक्टरांचा दोष नाही, तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलेली असते. स्पष्ट सांगा: “डॉक्टर, परवा संध्याकाळी मी पहिल्यांदाच खूप बैठका मारल्या. मांड्या सुजल्यात, जिना चढवत नाही, आणि आज सकाळी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. सीपीके आणि किडनीची तपासणी करून घ्याल का?” व्यायाम कुठला, किती, कधी, लघवीचा रंग, आणि कुठली औषधं घेता. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी, जिममधली व्यायामाआधी प्यायची पावडर, चरबी जाळणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल, दारू, नशेचा कुठलाही पदार्थ, काही लपवू नका. शरम वाटण्याची ती जागा नव्हे.

जाताना वाटेत फार्मसीतून वेदनाशामक घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात, आणि आत्ता नेमकं तेच नको आहे. कमरेत घेतलेलं दुखण्याचं इंजेक्शनही नको: औषध तेच असतं, शिवाय स्नायूत सुई टोचल्याने सीपीके आणखी थोडा वाढून रिपोर्ट वाचायला अवघड होतो. दुखणं असह्य असेल तर पॅरासिटामॉलबद्दल डॉक्टरांना विचारा.

तिसरी पायरी: वॉर्डात काय चालतं ते समजून घ्या

मुख्य उपचार म्हणजे शिरेतून भरपूर सलाईन. लघवी तासाला साधारण २०० ते ३०० मिलिलिटर व्हावी असं पाहिलं जातं, म्हणजे नलिका धुतल्या जातात. लघवी मोजून लिहावी लागते, तेव्हा भांडं वापरायचा कंटाळा करू नका आणि शौचालयात परस्पर जाऊन येऊ नका. पट्टीवरच्या तपासणीत लघवीत रक्त दाखवतं पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसत नाहीत, हे मायोग्लोबिनचं जुनं ओळखचिन्ह आहे. पोटॅशियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन वरचेवर तपासतात. काही थोड्यांना डायलिसिस लागतं. ते नाव ऐकून घरच्यांचा धीर सुटतो, पण रॅब्डोत ते बहुधा तात्पुरतं असतं आणि मूत्रपिंड सावरल्यावर थांबतं.

एक धोका मात्र स्वतः ओळखायला हवा, कारण तो आधी रुग्णालाच कळतो. सुजलेला स्नायू आपल्याच आवरणात कोंडला जातो आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. त्याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. दुखणं मिनिटागणिक वाढतं, वेदनाशामकाने हटत नाही, बोटं किंवा पाऊल दुसऱ्याने हलवलं तरी कळ येते, मुंग्या येतात, बधिर वाटतं. असं झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी नर्सला हाक मारा: “सिस्टर, पाय बधिर होतोय आणि आवळल्यासारखा दुखतोय.” काही तासांत शस्त्रक्रिया करून आवरण उघडावं लागू शकतं. सुजलेल्या हातापायावर घट्ट क्रेप बँडेज बांधू नका, आणि घरच्यांना तेल चोळू देऊ नका.

चौथी पायरी: घरी आल्यावरचे पहिले दिवस

आता आपल्या प्रेमळ शेजाऱ्यांविषयी. कुणी इस्पितळातून आला की प्रत्येक जण शहाळी आणि केळी घेऊन येतो. एरवी याहून चांगलं काही नाही. पण तुटलेल्या स्नायूंतून रक्तात आधीच पोटॅशियम आलेलं असतं, आणि मूत्रपिंड थकलेलं असेल तर ते बाहेर टाकणं त्याला जमत नाही. नारळाच्या १०० मिलिलिटर पाण्यात पोटॅशियम २०० मिलिग्रामच्या घरात असतं, म्हणजे दोन-तीन शहाळी रिचवली तर बरंच झालं. केळी, संत्र्याचा रस, टोमॅटोचं सूप, सुकामेवा यांतही ते भरपूर. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन सामान्य आल्याचं डॉक्टरांनी स्पष्ट सांगेपर्यंत ही सगळी भेट घरच्यांना खाऊ द्या. ओआरएसमध्येही पोटॅशियम असतं, तेही विचारून घ्या.

मग प्यायचं काय? साधं पाणी, आणि सकाळी दहा-अकराच्या सुमारास मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज. पाणी, मीठ आणि पचायला हलकं पिष्ट एकत्र मिळतं, आणि मळमळ असतानाही ती पोटात राहते. आपल्या घरांत ती रोजचीच असल्यामुळे आजाऱ्यासाठी वेगळं शिजवावंही लागत नाही. नुसतं पाणी लिटरवर लिटर ढोसणं टाळा: रक्तातलं सोडियम घसरून डोकं दुखणं, गोंधळणं, झटके येणं इथवर मजल जाऊ शकते. लघवी दिवसभर फिक्कट पिवळी राहील इतकं पाणी थोडं थोडं करून प्या. मूत्रपिंडाला इजा झाली असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनी ठरवून दिलेलं असेल, तेव्हा तेच पाळा. सहा-सात तास लघवी झाली नाही, रंग पुन्हा गडद झाला, पाय-चेहरा सुजला किंवा छातीत धडधडलं तर थेट इस्पितळ.

जेवण साधं असू द्या. भात, पातळ हुमण, थोडं नुस्तं, वरण. प्रोटीन पावडर आणि क्रिएटिन सध्या बाजूला ठेवा. स्नायू तुटलाय म्हणून जास्त प्रोटीन हवं, हा तर्क जिममध्ये ऐकू येतो, पण मूत्रपिंड पूर्ण सावरल्याचं रिपोर्टने सांगेपर्यंत त्याच्यावर जादा ओझं घालण्यात शहाणपण नाही. शिवाय क्रिएटिनमुळे रिपोर्टमधलं क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं आणि डॉक्टरांचा गोंधळ होतो.

दारू पूर्ण बंद. हुर्राकाचा मोसम असला, घरात लग्न असलं, तरी बंद. दारू स्नायूपेशींना थेट इजा करते आणि शरीरातलं पाणीही कमी करते. स्नायूंचा व्यायाम आणि दारू एकाच संध्याकाळी होणं हे तर रॅब्डोला आमंत्रणच.

विश्रांती म्हणजे निदान तीन दिवस कुठलाही व्यायाम नाही, रात्री आठ तास झोप आणि उकाड्यापासून लांब राहणं. गोव्यात हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. पंख्याखाली, शक्य असेल तर थंड खोलीत राहा. गरम पाण्याचे शेक, सॉना, जोरदार मालीश, ताणून धरण्याचे व्यायाम नकोत. घरात चाला, अंघोळ करा, एवढी हालचाल हवीच, दिवसभर खाटेवर पडून राहू नका.

नोकरीचं काय? टेबलावरचं काम असेल तर बरं वाटू लागल्यावर जाता येतं. पण हॉटेलातल्या खोल्या आवरणाऱ्या, सामान उचलणाऱ्या, बांधकामावरच्या, मासळीच्या टोपल्या वाहणाऱ्या माणसाचं कामच व्यायाम असतं. त्यांनी डिस्चार्जच्या वेळीच डॉक्टरांकडून लेखी चिठ्ठी मागावी: किती दिवस सुट्टी आणि त्यानंतर किती दिवस जड काम नाही. वरिष्ठाला तोंडी सांगून ते निभत नाही. सुट्टी घेतली तर रोज बुडतो हे मला ठाऊक आहे, तरीही हे सांगतो, कारण दुसऱ्यांदा स्नायू तुटला तर महिन्यांचा रोज बुडेल.

पाचवी पायरी: रिपोर्ट वाचायला शिका

सीपीकेची वरची मर्यादा प्रत्येक लॅबमध्ये थोडी वेगळी असते, बऱ्याच ठिकाणी २०० च्या आसपास. तिच्या पाचपट, म्हणजे साधारण १,००० च्या वर गेला आणि लक्षणंही असली की रॅब्डो धरतात. ५,००० च्या खाली राहिला तर मूत्रपिंडाचा धोका कमी मानतात. नुसत्या आकड्याने मात्र घाबरू नका: व्यायामामुळे झालेल्या रॅब्डोत सीपीके दहा हजारांच्या कितीतरी वर जाऊनही क्रिएटिनिन व्यवस्थित असलेले रुग्ण असतात. मूत्रपिंडाची खबर क्रिएटिनिन आणि लघवी देते. सीपीके स्नायूची खबर देतो.

हा आकडा साधारण एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतो आणि त्यानंतर दर दीड दिवसाला जवळपास निम्मा होतो. समजा तो ४०,००० वर गेला. दीड दिवसाने २०,०००, तीन दिवसांनी १०,०००, साडेचार दिवसांनी ५,०००, सहाव्या दिवशी २,५००, आणि आठव्या दिवसाच्या आसपास १,०००. रोज बघण्याची गरज नाही. सुरुवातीला डॉक्टर सांगतील तसं, नंतर तीन-चार दिवसांनी. उतरण थांबली किंवा आकडा पुन्हा चढला तर काहीतरी बिनसलं आहे: स्नायू अजून तुटतो आहे, किंवा रुग्णाने चोरून व्यायाम केला आहे. दुसरं कारण मी पुष्कळदा पाहतो. कृपा करून करू नका.

प्रत्येक वेळी त्याच लॅबमध्ये जा, आणि रक्त देण्याआधी दोन दिवस जड काम टाळा.

सहावी पायरी: व्यायामाकडे परत

सगळ्यात जास्त संयम इथे लागतो. दुखणं एव्हाना गेलेलं असतं, आरशात दंड बारीक दिसू लागलेले असतात, आणि मित्र जिममधून फोटो पाठवत असतात.

खेळाडू आणि सैनिकांसाठी लष्करी वैद्यकात एक साधी टप्प्यांची पद्धत वापरतात, ती नवख्यालाही उपयोगी आहे. पहिला टप्पा विश्रांतीचा. लघवीची तपासणी निर्दोष आणि सीपीके मर्यादेच्या पाचपटीच्या खाली आला की दुसरा टप्पा: हलकी हालचाल, स्वतःच्या गतीने, स्वतःला झेपेल तितकंच अंतर, जोर कुठेही नाही. हा निदान एक आठवडा. त्या आठवड्यात दुखणं, अशक्तपणा, सूज काहीच आलं नाही तर डॉक्टरांना पुन्हा दाखवून तिसरा टप्पा, म्हणजे हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम. दोन आठवडे उलटले तरी आकडे पहिल्याच टप्प्यात अडकलेले असतील तर तज्ज्ञाकडे जायला हवं.

दुसऱ्या टप्प्यात मी काय करायला सांगतो? सपाट रस्त्यावर चालणं. पणजीत राहत असाल तर मिरामारच्या किनाऱ्याजवळचा रस्ता, सकाळी सातच्या आत किंवा सूर्य कलल्यावर. सुरुवातीला १० मिनिटं, आठवड्याअखेर २०-२५. पणजीतल्या आल्तिनो टेकडीची चढण-उतरण सध्या नको. चढताना धाप लागते म्हणून लोक चढणीला घाबरतात, पण तुमच्या मांड्यांना धोका उतरताना आहे, कारण उतरताना मांडी ताणली जात असताना अंगाचं वजन पेलते. दूधसागरच्या वाटा, चोर्ला घाटातला उतार, इमारतीचे जिने धावत उतरणं, हे सगळं पुढच्या महिन्यांसाठी राखून ठेवा.

चालणं जमल्यावर कमी दाबाची सायकल आणि पोहण्याचा तलाव. सायकलीवर स्नायू बहुतांशी आखडत काम करतो, ताणला जात नाही, म्हणून सपाट रस्त्यावरची सावकाश सायकल बैठकांपेक्षा पुष्कळ सुरक्षित. अट एकच: ज्या व्यायामाने तुम्हाला रॅब्डो झाला तो सगळ्यात शेवटी सुरू करायचा. स्पिनिंगने झाला असेल तर सायकल शेवटी.

तिसऱ्या टप्प्यात ताकदीचे व्यायाम. खुर्चीवरून उठणं-बसणं, एकच फेरी, ८ वेळा, आणि पुढचे दोन दिवस काही नाही. भिंतीला हात लावून जोर, एक फेरी. दोन दिवसांत अंग साधं आंबलं तर चालेल, पण सूज आली, जोर गेला किंवा लघवी गडद वाटली तर लगेच थांबून सीपीके. सगळं ठीक असेल तर पुढच्या आठवड्यात दुसरी फेरी वाढवा. फेऱ्या किंवा वजन, एका आठवड्यात दोन्हींपैकी एकच वाढवा. वजनं घ्यायची वेळ येईल तेव्हा पूर्वीच्या एक तृतीयांशाने सुरू करा, हा माझा नेम आहे, आणि दर फेरीत अजून तीन-चार वेळा सहज जमलं असतं अशा ठिकाणी थांबा. दमून कोसळेपर्यंतचे सेट, वजन कमी करत करत न थांबता मारायचे सेट, घड्याळ लावून केलेल्या शर्यती, मुद्दाम सावकाश खाली सोडण्याचे व्यायाम, हे निदान तीन महिने नकोत. थोडं थोडं वाढवत नेण्याला शास्त्रीय आधार आहे: स्नायूला हा ताण एकदा थोडासा दिला की पुढचे काही आठवडे तो तशाच ताणाने कमी तुटतो. म्हणजे आज केलेली ती एकच फेरी वाया जात नाही, ती पुढच्या फेरीसाठी स्नायू तयार करते.

पूर्वीच्या ताकदीवर यायला काही आठवडे ते काही महिने लागतात. मिरामारला होणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ सारख्या शर्यतीत नाव घातलेलं असेल, १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल आणि २१.१ धावणं, तर त्या वर्षी नाव काढून घ्या. पैसे जातील, जाऊ द्या. पोलीस भरतीची तारीख सोडणं याहून कठीण, मी जाणतो. तिथे डॉक्टरांशी तारीख धरून बोला, आणि त्यांनी नाही म्हटलं तर पुढच्या भरतीची वाट पाहा.

प्रशिक्षक बदलायचा का? तुम्ही रॅब्डो झाल्याचं सांगितल्यावर जो प्रशिक्षक तुमची फाइल वाचतो आणि स्वतःहून वजन कमी करतो, त्याच्याकडे राहा. जो ‘दुखल्याशिवाय अंग बनत नाही’ म्हणतो त्याला नमस्कार करून बाहेर पडा.

कारण खोल शोधायचं कधी

पहिल्यांदाच झाला, व्यायाम खरोखर अति होता आणि पंधरवड्यात आकडे उतरले, तर पुढे शोधाशोध करायची गरज सहसा पडत नाही. पण थोड्याशा श्रमाने झाला असेल, दुसऱ्यांदा झाला असेल, लहानपणापासून धावताना पेटके येत असतील, घरात कुणाला असंच झालं असेल, सीपीके एक लाखाच्या वर गेला असेल किंवा महिन्यानंतरही सामान्य होत नसेल, तर न्यूरॉलॉजिस्टकडे जा. स्नायूंना ऊर्जा पुरवण्यातले जन्मजात दोष असतात, मॅकआर्डल आजार त्यातला एक. थायरॉइड कमी असणं, सिकलसेलचं वाहक असणं, स्टॅटिनची गोळी, नुकताच येऊन गेलेला विषाणूचा ताप, हीही कारणं सापडतात. स्टॅटिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. ज्यांनी लिहून दिली त्यांना रिपोर्ट दाखवा, बदल तेच करतील. तापातून उठल्यावर मात्र आठवडाभर जोराचा व्यायाम कुणीच करू नये, रॅब्डो होऊन गेलेल्याने तर नक्कीच नाही.

डिस्चार्जचा कागद, सगळे सीपीके आणि क्रिएटिनिनचे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा, आणि फोनमध्येही फोटो काढून ठेवा. पुढे कधी शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना रॅब्डो झाल्याचं आधी सांगा, कारण काही भुलीची औषधं मोजक्या लोकांच्या स्नायूंवर असाच परिणाम करतात आणि आधी कळलं तर डॉक्टरांना औषध बदलता येतं. नवीन डॉक्टर, नवीन जिम, भरतीची वैद्यकीय तपासणी, सगळीकडे ही फाइल सोबत न्या.